वेबसाइटसाठी पेठेवर लिहायचं असेल तर

पुण्याच्या पेठांवर वेबसाइटना मजकूर लिहून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. या कामात नव्याने येणारी मुलं विचारतात, सुरुवात कुठून करायची? आधी एक आळी निवडा, असं मी सांगते. ‘पुणे’ हा विषय घेऊ नका, ‘कसबा पेठ’सुद्धा मोठी पडते. तिच्यातली तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, घ्या.

कामाच्या दिवशी सकाळी जा. कारखान्यासमोर उभं राहून लगेच मोबाइल काढू नका. ‘काका, थोडा वेळ बघत थांबू का?’ एवढं विचारा आणि खरंच नुसतं बघा. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. भांडं घडलं की त्यावर ओळीने हातोडीचे ठोके घालतात, ते मठारकाम. त्याने चकाकी येते आणि पत्राही मजबूत होतो. हे डोळ्यांनी पाहिल्यावर ‘समृद्ध परंपरेचा वारसा’ असली वाक्यं हातून उतरत नाहीत. ती नकोतच. ती पैठणीला चालतात, कोल्हापुरी चपलेलाही चालतात, म्हणजे तांबटांबद्दल काहीच सांगत नाहीत. फोटो आणि फोन नंबर छापायचा असेल तर स्पष्ट परवानगी घ्या. भाव विचारलात तर त्याच्यापुढे महिना आणि वर्ष लिहा.

आता पानाची मांडणी. तुमचा वाचक बरेचदा रस्त्यात उभा राहून मोबाइलवर वाचत असतो. त्याला आधी कसं पोहोचायचं ते हवं, इतिहास नंतर. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं मिळाली. त्याआधी लिहिलेल्या पानांवर अर्थातच यातलं काही नाही. तुमचं पान उपयोगी ठरेल ते इथेच. स्थानकाबाहेर पडून आळीपर्यंत स्वतः चालत जा आणि वाटेतल्या खुणा लोक सांगतात तशाच लिहा: देवळावरून डावीकडे, अमक्या वाड्यासमोर. ‘उत्तरेला दोनशे मीटर’ असा पत्ता पेठेत कोणी सांगत नाही.

इतिहास थोडकाच द्या, पण तपासून. मंडईची इमारत १८८६ मधली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला तेव्हा रे मार्केट म्हणत; आज ती महात्मा फुले मंडई. एवढं दोन ओळींत येतं. याहून खोल जायचं असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली स्थापन झालेलं. इतर वेबसाइटवरून सनावळ्या उचलू नका. एकाची चूक दहा ठिकाणी फिरत असते.

मजकूर युनिकोडमध्येच द्या, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या अक्षरांत. जुन्या फॉन्टमधली फाइल आली तर आधी रूपांतर करून ओळ न् ओळ वाचा, जोडाक्षरं हमखास बिघडतात. लोक शोधताना ‘आळी’ लिहितात, ‘अळी’ लिहितात, रोमन अक्षरांत तर वाटेल तसं लिहितात. मथळ्यात प्रचलित रूप ठेवा, दुसरं मजकुरात एकदा सहज येऊ द्या. फोटो चढवण्याआधी लहान करा आणि प्रत्येकाला वर्णन द्या. स्क्रीन रीडरवर ऐकणाऱ्यालाही कळलं पाहिजे की चित्रात घंगाळ आहे की बंब.

पैशांचं आधी बोला: निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्त्या किती वेळा ते लेखी. त्याच ईमेलमध्ये वर्षातून एका फेरतपासणीचे वेगळे पैसे मान्य करून घ्या. ती दिवाळीच्या आधी ठेवा. धनत्रयोदशीच्या भांडीखरेदीला लोक पेठेत उतरतात, तेव्हा पानावरची वाट आणि दुकानांच्या वेळा बरोबर असायला हव्यात.