टिपची वही

नखांचं काम शिकायला माझ्याकडे येणारी प्रत्येक मुलगी पहिल्या आठवड्यातच मला एक रील दाखवते: ‘नेल टेक्निशियनच्या टिपवर आता टॅक्स नाही!’ खरं आहे ते, पण अमेरिकेत. तिथे २०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी २५,००० डॉलरपर्यंतची टिप आयकराच्या हिशेबातून वजा करता येते, आणि त्या सवलतीच्या यादीत मॅनिक्युअर-पेडिक्युअर करणाऱ्याही आहेत. आपल्या अलिबागेत तसं काही नाही. हातावर ठेवलेली शंभराची नोट असो की फोनवर आलेले दोनशे, ते आपलं उत्पन्नच. ‘पन्नास हजारांपर्यंतची भेट करमुक्त असते’ असंही कुणीतरी सांगतं. पण टिप ही भेट नव्हे, केलेल्या कामाचे पैसे आहेत.

मात्र घाबरू नका. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर रिबेटमुळे, म्हणजे करात मिळणाऱ्या सवलतीमुळे, कर शून्यावर येतो. महिना १५,००० पगार आणि सरासरी ४,००० टिप धरली तर वर्षाचे होतात २,२८,०००. कर शून्य. फक्त सगळं मिळून ४ लाखांच्या वर गेलं, तर कर लागो न लागो, रिटर्न भरावंच लागतं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चार वर्षं एका सलूनमध्ये पगारावर होते. मांडव्याला रो-रो बोटीतून गाडीसकट उतरणारी मुंबईची मंडळी, किहीम-आवासच्या बंगल्यांवरची लग्नं. टिप चांगली मिळायची. गिऱ्हाइकं बिलासोबतच सलूनच्या क्यूआरवर टिप टाकायची. महिन्याच्या शेवटी मालकीणबाई ती द्यायच्या, पण दहा टक्के ‘टॅक्स’ कापून. मी मान खाली घालून घ्यायचे. पुढे एका सीए ताईंनी आयकर पोर्टलवर माझ्या पॅनखाली पाहिलं, तर तिथे एक रुपयाही जमा नव्हता. माझ्या उत्पन्नावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, लागतच नव्हता. शिवाय गिऱ्हाइकाने स्वखुशीने दिलेली टिप मालकाने नुसती पोहोचवली, तर तो पगार नव्हे, त्यावर पगाराचा टीडीएस नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच आयटीसीच्या हॉटेलांच्या खटल्यात सांगितलेलं आहे. अशी टिप आपण स्वतः ‘इतर उत्पन्ना’त दाखवायची. पगारावरची ७५,००० ची प्रमाणित वजावट तिला मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या टिपमधून कुणी कर कापला, तर तो पॅनवर दिसतोय का ते आधी पाहा. नसेल तर पैसे मागा. मी मागितले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

याहून मोठा फटका बसला तो कर्जाच्या वेळी. स्वतःचं टेबल, यूव्ही लॅम्प, ड्रिल मशीन, धूळ ओढणारा पंखा यासाठी बँकेत गेले, तर साहेबांनी दोन वर्षांची रिटर्न मागितली. माझ्याकडे पगाराचं पासबुक तेवढं होतं. रोखीची टिप बाजारात आणि रिक्षाभाड्यात गेलेली, कुठे नोंद नाही. माझ्या कमाईचा पाचवा हिस्सा कागदावर नव्हताच. अर्ज परत आला.

त्या रात्रीपासून वही सुरू केली. तारीख, काम (जेल पॉलिश, एक्स्टेन्शन, रिफिल), बिल, टिप, रोख की यूपीआय. रोख टिप दर सोमवारी खात्यात भरायची. कर शून्य असूनही रिटर्न भरायला लागले. आता धंदा माझा आहे, म्हणून टिपही धंद्याच्या जमेतच येते. छोट्या धंद्याला हिशेबाची पुस्तकं न ठेवता डिजिटल जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवायची सोय आहे. पण खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवा.

दोन वर्षांनी पुन्हा बँकेत गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात, गिऱ्हाईक नसतं, मग हप्ता कुठून भराल? मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. जून-जुलैची पानं जवळपास कोरी, मे आणि गणपतीची गच्च भरलेली. मे महिन्यातून किती बाजूला काढते, ते बोट ठेवून दाखवलं.