गावठी कुत्र्याला ‘चादर’ शिकवायची पद्धत

‘चादर’ म्हटलं की कुत्र्यानं आपल्या चादरीवर जाऊन बसायचं, हा तो धडा. पण कुत्र्याच्या आधी घरातली माणसं शिकवून घ्या. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं. ‘इकडे ये’ म्हणायला सासूबाई तेलुगूत ‘रा’ म्हणतात, मी ‘ये’, मागच्या यंत्रमागावर कांड्या (सूत गुंडाळायच्या नळ्या) भरणाऱ्या अक्कलकोटच्या मावशी कानडीत ‘बा’, आणि मुलगा ‘कम’. आमच्या कुत्रीनं, चिंगीनं, जायचं कुणाकडे? एका कामाला एकच शब्द, आणि तो सगळ्यांनी तसाच म्हणायचा. आमच्यात अर्थातच सासूबाईंचा शब्द चालला.

‘गावठीला काय शिकवताय, लॅब्राडोर आणा’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटानं रस्त्यावरच्या कुत्र्यांवर प्रयोग केले. अनोळखी माणसानं लांबून हात करून दोनपैकी एक वाडगं दाखवलं, तर जवळ आलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेक बरोबर त्याच वाडग्याकडे गेली. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. म्हणजे माणसाकडे बघून अंदाज बांधणं हे गावठीला मुळातच येतं, आपण फक्त वळण लावायचं.

पहिला धडा जागेचा घ्या. जुनी सोलापुरी चादर चौघडी करून जाण्यायेण्याच्या वाटेवर नसलेल्या कोपऱ्यात टाका. उकडलेल्या अंड्याचे शेंगदाण्याएवढे तुकडे मुठीत घ्या, चादरीजवळ उभे राहा आणि गप्प बसा. शब्द अजिबात उच्चारायचा नाही. कुत्रं हुंगेल, तुमच्या हाताकडे बघेल, भुंकेल, कंटाळून इकडेतिकडे फिरेल. फिरताना पुढचा एक पाय जरी चादरीवर पडला तरी त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा आणि तुकडा चादरीवरच टाका. ‘त्याच क्षणी’ यातच सगळं आहे. तुम्ही डबा शोधत बसलात आणि तेवढ्यात ते कान खाजवायला लागलं, तर बक्षीस कान खाजवल्याचं झालं. मग दोन पाय, मग चारही, मग बूड टेकणं. ते आपणहून चादरीकडे वळू लागलं की निघायच्या जरा आधी ‘चादर’ म्हणायला सुरुवात करा. मग तुम्ही एकेक पाऊल लांब सरका, शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून सांगा.

खाऊ म्हणून भाकरीचा तुकडाही चालतो. शेंगाचटणी लावून मात्र नको, तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याला बाधतो.

पाच मिनिटं पुरे. त्याला अजून हवं असतानाच थांबा, आणि रोज शिकवू नका. रोज घोकलं की पक्कं होतं हा आपला शाळेतला समज. डेन्मार्कच्या संशोधकांनी 44 बीगल कुत्र्यांना हेच काम शिकवलं, टोपलीत जाऊन थांबायचं. 2011 साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की आठवड्यातून एकदोनदा शिकवलेली कुत्री रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी धड्यांत शिकली. चार आठवड्यांनी पाहिलं तर शिकलेलं सगळ्यांच्याच लक्षात होतं. धंदा सांभाळून कुत्रं पाळणाऱ्यांना याहून सोयीची बातमी नाही.

धडा झाला की त्याला झोपू द्या, नाहीतर फिरवून आणा. लगेच दुसरं काही शिकवू नका. बुडापेस्टमध्ये हंगेरियन कुत्र्यांना आधीपासून येणाऱ्या आज्ञांचे इंग्रजी शब्द शिकवले. नंतर झोपलेल्या, फिरलेल्या किंवा खेळलेल्या कुत्र्यांचं आठवड्यानंतरचं काम, लगोलग दुसरं शिकवलेल्यांपेक्षा चांगलं होतं. आमच्यासारख्या घरात दुसरा शब्द लावायचा तर आधी नवा म्हणायचा, क्षणभर थांबायचं, मग जुना. ‘बा’... ‘रा’. काही दिवसांत ते जुन्याची वाट न बघता येतं.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. धापा टाकणारं कुत्रं काय शिकणार?

आता परीक्षा. बहुतेक कुत्री शब्द ऐकत नाहीत, तुमचा हात आणि डोळे वाचतात. म्हणून हात मागे बांधा, भिंतीकडे बघा आणि मग ‘चादर’ म्हणा. गेलं तर शब्द कळला. नाही गेलं तर रागावू नका, हातवारे हळूहळू कमी करा. दुसरी गोष्ट, कुत्र्याची आठवण जागेला चिकटून असते. घरात हुशार असलेलं कुत्रं गच्चीवर पहिलीच्या पोरासारखं बघत बसतं. तीच चादर अंगणात, गच्चीवर, पाहुण्यांच्या घरी न्या आणि दर ठिकाणी थोडं मागून सुरू करा. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानाच्या गर्दीत आणि शोभेच्या दारूकामाच्या आवाजात परीक्षा घ्यायचा हट्ट मात्र कुणी करू नये.

सकाळी फाडलेल्या टॉवेलबद्दल संध्याकाळी ओरडून उपयोग नाही. ‘त्याला कळतंय हो, बघा तोंड कसं केलंय’, हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवलं, की ते चोरट्यासारखं तोंड गुन्ह्यामुळे नाही, मालकाच्या ओरडण्यामुळे होतं. काही न केलेली कुत्रीही ओरडा बसला की तसंच तोंड करतात.

राहिली वस्तूंची नावं. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला 1,022 खेळणी नावानिशी येत होती. जॉन पिली या निवृत्त प्राध्यापकांनी तीन वर्षं रोज चारपाच तास तिच्यासाठी दिले. ते वाचून उगाच हुरळून जाऊ नका. 2021 मध्ये बुडापेस्टच्याच गटाला दिसलं, की बहुतेक घरगुती कुत्र्यांना तीन महिने शिकवूनही दोन खेळण्यांची नावं येत नाहीत. ‘बस’, ‘ये’, ‘चादर’ ही करण्याची कामं त्यांना सोपी, नावं अवघड. तरी हौस असेल तर दिसायला अगदी वेगळ्या दोन वस्तू घ्या, त्या शेजारच्या खोलीत ठेवा आणि तुम्ही या खोलीतून नाव सांगा, म्हणजे तुमचं तोंड बघून चोरी करता येणार नाही. आमच्याकडे रिकामी लाकडी कांडी आणि टॉवेलचा तुकडा आहे. मागावरचा धोटा (कांडी बसवायचा लाकडी तुकडा) खेळायला देऊ नका, त्याची लोखंडी टोकं हिरड्यांना लागतात.