भूल उतरताना माणसाजवळ कसं बसावं

डॉक्टर बाहेर येऊन "ऑपरेशन नीट झालं" म्हणाले की घरची माणसं सुटकेचा श्वास टाकतात. कोण चहाला जातं, कोण गावाकडं फोन लावतं. नेमक्या त्याच वेळी आपलं माणूस आत भुलीतून वर येत असतं. त्याला थंडी वाजते, घसा कोरडा पडलेला असतो, आपण कुठं आहोत हे कळत नसतं. ऑपरेशन डॉक्टरांचं, पण त्यानंतरचे 24 तास बरेचसे सोबतच्या माणसाचे असतात. हे मी शिकले ते आत्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. वय बासष्ट, गाव जांबोटीच्या पलीकडं, भाषा फक्त मराठी, आणि ऑपरेशन बेळगावात.

आदल्या दिवशीच बोलून घ्या

भूल नीट उतरण्याची तयारी भूल चढण्याआधीच करावी लागते. भुलीचे डॉक्टर तपासायला येतात तेव्हा पेशंट "काही त्रास नाही" म्हणून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. शेजारी बसून तुम्ही सांगा: बीपी-शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुठल्या औषधानं अंगावर पुरळ येतं, दमा आहे का, झोपेत जोरात घोरून मध्येच श्वास अडकतो का, कुठला दात हलतो, कवळी आहे का, आधीच्या ऑपरेशनला उलट्या झाल्या होत्या का, घरात कुणाला भुलीचा मोठा त्रास झाला होता का. झाडपाल्याचं औषध चालू असेल तर तेही सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आपल्या भागात एक गोष्ट हमखास लपवली जाते, ती म्हणजे तंबाखू. निपाणीकडं तर तंबाखू शेतात, वखारीत, विडीच्या सुपात, सगळीकडं आहे. घरातल्या थोरल्या बायका मिशेरी लावतात, पण डॉक्टरांपुढं "हो" म्हणायला लाजतात. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखू किंवा गुटखा खाल्ला की कित्येकांचं तोंड पुरतं उघडत नाही, आणि पूर्ण भुलीत तर श्वासाची नळी बहुतेक वेळा तोंडातूनच घालायची असते. विडी ओढणाऱ्याच्या छातीत कफ जास्त असतो, त्यामुळं भूल उतरताना खोकल्याची उबळ येते आणि पुढं न्यूमोनियाची भीती वाढते. महिनाभर आधी सुटली तर उत्तम, पण आदल्या दिवशी सोडली तरी काही फायदा होतोच. आत्यांनी मिशेरीचं डॉक्टरांना सांगितलं नाही, मी सांगितलं. त्या माझ्यावर रागावल्या. तरीही सांगावंच असं माझं ठाम मत आहे.

उपाशी राहण्याची वेळ विचारून लिहून घ्या. साधारणपणे हलक्या खाण्यानंतर 6 तास, तेलकट-जड जेवणानंतर 8 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास जावे लागतात. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यातच मोजतात. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं, म्हणून ही सक्ती असते.

हातातला चुडा, मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतात. आत्यांना हे फार जड गेलं. ऐन वेळी स्ट्रेचरवर ओढाताण होण्यापेक्षा आदल्या रात्री घरच्या बाईनं शांतपणे बसून काढून घ्यावं, रुमालात बांधून जपून ठेवावं. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, कारण रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा त्याच बोटाला लावतात.

संमतीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. तो समजत नसेल तर "मराठीत सांगा" असं सरळ म्हणा. बेळगावच्या दवाखान्यात मराठी बोलणारं कुणीतरी भेटतंच, फक्त विचारावं लागतं.

रिकव्हरी रूम

ऑपरेशन संपलं की भुलीची औषधं थांबवतात, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवतात, पेशंट स्वतः श्वास घेऊ लागला की घशातली नळी काढतात आणि त्याला रिकव्हरीत आणतात. तिथं नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, दंडाला बीपीचा पट्टा आणि बोटाला चिमटा असतो. सिस्टर थोड्या थोड्या वेळानं हाक मारतात, कारण हाकेला ओ देणं हीच शुद्धीची पहिली खूण असते.

आणि इथंच भाषा आडवी येते. आमच्या वेळी सिस्टर प्रेमानं म्हणत होत्या, "कण्ण तेगीरी, उसिरु तगोरी." डोळे उघडा, श्वास घ्या. आत्या तशाच पडून. मला दारातून दिसत होतं. मी विचारलं, आत येऊ का? त्यांनी येऊ दिलं. कानाशी जाऊन म्हटलं, "आत्या, मी आलेय. डोळे उघडा बघू." पापण्या हलल्या. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला शिकलेली भाषा आठवेलच असं नाही, घरची मात्र ओळखू येते. म्हणून पेशंटला कन्नड येत नसेल तर ते आदल्या दिवशीच सिस्टरना सांगून ठेवा आणि आत एका माणसाला सोडतील का तेही विचारा. तुम्हीही दोन-तीन शब्द पाठ करा. "नोव ऐतेन्री?" म्हणजे दुखतंय का, आणि "वांती" तर आपल्याला कळतेच.

जवळ गेल्यावर हळू आवाजात नाव घेऊन बोला. "ऑपरेशन झालं, सगळं नीट आहे, मी इथंच आहे" एवढं पुरे. तेच परत परत विचारतील, तुम्हीही तेच उत्तर परत परत द्या. त्यातलं फारसं त्यांना नंतर आठवणार नाही. कुणी रडतं, कुणी असंबद्ध बोलतं. आत्या गोठ्यातल्या म्हशीला हाका मारत होत्या. त्यावर हसू नये, मोबाइलवर चित्रीकरण तर मुळीच करू नये.

थंडीनं अंग थडथडतं. थिएटरमधली हवा गार असते आणि भुलीनं शरीराची ऊब राखण्याची यंत्रणा मंदावते. दोन ब्लँकेट मागून घ्या, पाय झाका. गरम पाण्याची पिशवी मात्र लावू नका. अर्धवट शुद्धीत चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

वॉर्डातली पहिली रात्र

पहिला नियम: पूर्ण जाग येऊन सिस्टर "चालेल" म्हणेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. घोटभर पाणीही नाही, तुळशीचं तीर्थ नाही, प्रसाद नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा कुणी आणला तर कपाळाला लावा, जिभेवर ठेवू नका. आमच्याकडं भेटायला आलेल्या एका पाहुण्यानं मायेनंच दोन चमचे चहा पाजला. पाच मिनिटांत उलटी झाली. मी पटकन आत्यांना कुशीवर वळवलं म्हणून निभावलं. उताणं झोपलेल्या गुंगीतल्या माणसाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. म्हणून उमळून येतंय असं दिसताच डोकं आणि अंग एका कुशीवर वळवायचं, तोंडाखाली ट्रे धरायचा, सिस्टरना बोलवायचं.

मळमळ पुष्कळांना होते, दहातल्या तीन जणांना तरी. बायकांना आणि एसटीत बसल्यावर ज्यांना लागतं त्यांना जास्त. त्यासाठी इंजेक्शन असतं. "होईल कमी" म्हणत सोसू नका, मागून घ्या.

परवानगी मिळाली की बसतं करून एक घोट पाणी द्या. पंधरा-वीस मिनिटं राहिलं तर आणखी. मग मीठ घातलेली भाताची पातळ पेज. आपल्या खानापूर भागातल्या तांदळाची पेज यावेळी कुठल्याही पावडरपेक्षा बरी. पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तोच क्रम.

घसा दुखेल, आवाज बसेल. ते नळीमुळं असतं, एक-दोन दिवसांत जातं. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर खांदा दुखतो. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मध्यरात्री आत्या उजवा खांदा धरून कळवळल्या आणि आम्हाला वाटलं हृदयाचंच काही. पोटात भरलेल्या वायूमुळं श्वासपटल दुखावतं आणि ती कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत ओसरते, चालण्यानं लवकर. तरी छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, दम लागतोय असं असेल तर अंदाज बांधत बसू नका, लगेच सांगा.

सहा-आठ तासांत लघवी झाली का यावर लक्ष ठेवा. भुलीमुळं आणि दुखण्याच्या औषधांनी ती अडू शकते.

आता श्वासाचं. तीन रंगीत चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात. बहुतेक जण त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. शहाळ्यातलं पाणी नळीनं ओढतो तसं सावकाश, चेंडू वर गेले की दोन-तीन सेकंद धरायचं आणि सोडायचं. जागेपणी दर तासाला दहा वेळा. भुलीत आणि पडून राहिल्यानं फुप्फुसाचे तळाचे भाग मिटतात, ते यानं उघडतात. खोकताना टाक्यांवर उशी घट्ट धरायला लावा, दुखणं कमी होतं. दुखतं म्हणून खोकला दाबला तर कफ आत साचतो, म्हणून दुखण्याचं औषध वेळेवर द्यायचं.

पायाचे पंजे वर-खाली हलवायला लावा. डॉक्टर म्हणतील तेव्हा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठवा: आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून पाच मिनिटं बसवून, मग उभं. एकदम उठवलं तर चक्कर येऊन पडतील.

म्हाताऱ्या माणसांचं मन रात्री भरकटू शकतं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लवकर परत द्या, आज कुठला वार ते सांगा, रात्री दिवा मंद ठेवा. गोंधळ अचानक वाढला तर डॉक्टरांना कळवा. कधी त्यामागं ऑक्सिजन कमी पडणं, शुगर उतरणं किंवा लघवी तुंबणं असतं.

घरी नेताना आणि पुढं

घरी सोडल्यावरही ऑपरेशनपासूनचे पहिले 24 तास एक मोठं माणूस सोबत हवं. या काळात दुचाकी, ट्रॅक्टर, कडबा कटर नाही, दारू नाही, चुलीपुढं एकटं बसणं नाही. उताऱ्याच्या, बँकेच्या, गहाणाच्या कागदावर सही तर अजिबात नाही. माणूस शहाण्यासारखा बोलतो, पण विचार अजून स्थिर नसतो. जांबोटीच्या वाटेवर पावसाळ्यात खड्डे चुकत नाहीत, म्हणून आम्ही गाडीत पोटावर उशी बांधून आत्यांना हळू आणलं. दुचाकीवर मागं बसवून नेणं टाळाच.

गोळ्यांचा कागद दवाखान्यातून निघण्यापूर्वीच मराठीत लिहून घ्या. दुखण्याच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, त्यावर तापाची गोळी म्हणून तेच दुसऱ्या नावानं दिलं जातं आणि मात्रा दुप्पट होते. बद्धकोष्ठ होतं, त्याला पाणी, चालणं आणि लागलं तर डॉक्टरांना विचारून औषध.

घरी बाई पेशंट असेल तर आणखी एक सांगते. बघायला माणसं येतात, आणि तीच उठून चहा ठेवते. आत्या दुसऱ्या दिवशी चक्क डबा धुवायला निघाल्या होत्या. थकवा आठवडा-दोन आठवडे राहतो. तेवढे दिवस तिच्या हातातलं काम काढून घ्या आणि पाहुण्यांना पाणी दुसऱ्यानं द्या.

दम लागणं, छातीत दुखणं, हाक मारूनही नीट जाग न येणं: यात 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. थांबत नसलेली उलटी, 101 च्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा रक्त, एका पोटरीला सूज आणि दुखणं, लघवी बंद, डोळे पिवळे यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आत्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: "भुलीनंतर उलटी झाली. मिशेरीची सवय. कन्नड येत नाही." पुढच्या वेळी कुणीही सोबत गेलं तरी ते पान आधी डॉक्टरांपुढं ठेवायचं.