मराठी वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी म्हणून

आधी मजकूर तपासा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलीत रोमन अक्षरं असतात. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, तीच वाचतो आणि अंध वाचकाच्या कानावर निरर्थक बडबड पडते. असा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे खरी देवनागरी अक्षरं साठवणाऱ्या पद्धतीत, आणा आणि नंतर ओळन्‌ओळ वाचा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बरेचदा भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. कविता चित्र करून लावली असेल, तर तीही खाली टाइप करा.

मग ब्राउझरला भाषा कळवा. पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगच्या 'लँग'मध्ये (lang) 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) हवं. तयार थीममध्ये (साइटच्या तयार साच्यात) तिथे बहुधा इंग्रजी असतं. त्यामुळे इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला बसतो आणि मजकूर गाळतो किंवा भलतंच काही बोलतो. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज इथे मराठी निवडलं की काम झालं. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल, तर प्रोफाइलमधली भाषा वेगळी ठेवा.

देवनागरीला उंची लागते. ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला चिकटतो. लेटर स्पेसिंग शून्यच राहू द्या. वाढवलं की शिरोरेखा तुटते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडचा करडा रंग थीमवाल्यांचा लाडका, पण तो जेमतेम २.८ भरतो, ७६७६७६ काठावर पास होतो. आम्ही त्याहून गडदच सुचवू, भर उन्हात मोबाइल बघणाऱ्यांचीही सोय होते. व्ह्यूपोर्टमध्ये (मोबाइलवर पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या कोडच्या ओळीत) झूम बंद केलेलं असेल, तर ते आधी काढा.

फोटोच्या ऑल्टमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात, 'फोटो १' नको. 'ओसरीवर विळीवर कैरी चिरणारी आजी' असं लिहा. नुसत्या सजावटीच्या चित्राचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण काढून टाकू नका. काढला की काही स्क्रीन रीडर फाइलीचं नावच वाचतात.

आता माउस बाजूला ठेवून टॅब दाबत पूर्ण पान फिरा. आपण कुठे आहोत ते दिसत नसेल, तर थीमच्या सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) फोकसची 'आउटलाइन' 'नन' केलेली असते. ती ओळ उडवा.

शेवटी विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर टाका. त्यातल्या ईस्पीक या आवाज देणाऱ्या भागात मराठी आवाज आहे. कानाला यांत्रिक वाटतो, पण चुका पकडायला पुरेसा. एच दाबलं की पुढचं शीर्षक यायला हवं. येत नसेल, तर ते हेडिंग न देता नुसतं ठळक केलेलं आहे. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की सगळ्या लिंकची यादी उघडते. तिथे सहा वेळा 'येथे क्लिक करा' दिसलं, तर कुठली लिंक कुठे नेते हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? लिंकवर 'पुरणपोळीची कृती', 'रायगडचे फोटो' असं नाव घाला.