कमांडोंसाठी नवीन पिस्तूल आलं की ट्रायलचे आकडे कसे वाचायचे

नवीन पिस्तुलाची बातमी आली की आपण पहिलं काय बघतो, तर रेंज किती आणि मॅगझिनमध्ये राउंड किती. त्यावरून फारसं कळत नाही. कमांडोचा हात पिस्तुलाकडे जातो ते मोठं हत्यार बंद पडल्यावर, नाहीतर जिन्यात किंवा छोट्या खोलीत वळायलाच जागा नसते तेव्हा, म्हणून बघायचं एकच, त्या क्षणाला ते चालणार का.

आधी शोधा की सरासरी किती राउंडमागे ते एकदा अडकतं. अमेरिकन आर्मीने जानेवारी 2017 मध्ये सिग सावरचं पी320 निवडलं, एम17 आणि एम18 म्हणून. अट होती 2000 राउंडमागे एक स्टॉपेज, म्हणजे एकदा अडकणं, आणि बॉल राउंडवर, म्हणजे साध्या भरीव गोळीवर, एम17 सरासरी 343 राउंडमागेच एकदा अडकलं. हा आकडा वाचून लगेच पिस्तूल खराब म्हणू नका, कारण त्यातले बरेचसे स्टॉपेज असे होते की शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे लॉकच व्हायची नाही, जवानांना शिकवलेली पकड उंच होती आणि त्या पकडीत हात स्लाइडच्या खटक्यावर दाबला जायचा. ते वगळले तर आकडा 708, म्हणजे तरीही अटीपेक्षा खूपच कमी. तर नुसता आकडा घेऊ नका, गोळी कुठली होती, पिस्तूल कुणाच्या हातात होतं आणि स्टॉपेज कशाला धरलं हे तिन्ही विचारा, यातलं एक जरी लपवलं असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पाडून बघण्याची टेस्ट. चेंबरमध्ये बारूद-गोळी नसलेलं पण प्राइमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, असलेलं काडतूस ठेवतात आणि वेगवेगळ्या बाजूंनी पाडतात. एम17 च्या याच ट्रायलमध्ये पडल्यावर प्राइमर फुटला, आणि कंपनीला ट्रिगरचे पार्ट हलके करावे लागले. ट्रायल असतेच यासाठी, दोष तिथे सापडला हे चांगलंच झालं.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खारं पाणी आणि दमट हवा. वरळी-कुलाब्यात खिडकीचं ग्रिल किती लवकर गंजतं ते बघताच ना, आणि मार्कोसचं, म्हणजे नौदलाच्या कमांडोंचं, काम तर समुद्रातूनच सुरू होतं, त्यांचा आयएनएस अभिमन्यू तळ इथे मुंबईतच आहे. 26/11 नंतर उभी राहिलेली महाराष्ट्र पोलिसांची कमांडो तुकडी फोर्स वन पण याच हवेत, याच पावसाळ्यात राहते. म्हणून पाण्यातून काढल्यावर फायर झालं एवढ्यावर थांबू नका, नंतर न पुसता ठेवलं तर मॅगझिनची स्प्रिंग आणि बॅरलच्या आतला भाग कसा राहिला ते बघा. मॅगझिन लोक विसरतात आणि जाम बऱ्याच वेळा तिथूनच सुरू होतो.

किंमत पण बघा. 1984 च्या अमेरिकन लष्कराच्या ट्रायलमध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल आणि सिगचं पी226 दोन्ही पास झाली होती, बेरेटाचं पॅकेज स्वस्त पडलं म्हणून तेच निवडलं गेलं, एम9 या नावाने.

आणि सगळ्या टेस्ट पास झाल्या तरी वजन विचाराच. हेकलर अँड कॉखचं मार्क 23 खास अमेरिकन स्पेशल फोर्सेससाठी बनवलं, .45 कॅलिबर, टिकाऊ, नेमबाजीत जबरदस्त, 1996 पासून मिळायला लागलं, पण रिकामं असतानाच 1 किलोच्या वर आणि आकाराने अवाढव्य, त्यामुळे बऱ्याच जणांनी कमरेला लहान पिस्तूलच ठेवलं.

आता हेच सगळं आपल्या भारतीय बनावटीच्या अस्मीला लावून बघा. ते मशीन पिस्तूल आहे, म्हणजे ट्रिगर दाबून धरला की गोळ्या सलग सुटतात, 9 मिमी, डीआरडीओची पुण्यातली लॅब एआरडीई आणि महूचं इन्फंट्री स्कूल यांनी मिळून 4 महिन्यांत केलं, 2021 मध्ये समोर आलं आणि 2024 मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडला 550 नग मिळाले. नॉर्दर्न कमांड म्हणजे थंडी, धूळ, उंची. किनाऱ्यावरच्या युनिटसाठी त्याचा विचार झाला, तर खाऱ्या पाण्याची टेस्ट वेगळी मागायला लागेल.