वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि मधुमेह: आधी व नंतर सांभाळायच्या गोष्टी

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून टाकणे) किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून ते थेट लहान आतड्याला जोडणे) या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया झाल्यावर टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या रक्तातील साखर वजन उतरण्याची वाट पाहत नाही. पुष्कळदा ती पहिल्या काही दिवसांतच खाली येऊ लागते. अन्न एकदम कमी झाल्याने यकृतातून बाहेर पडणारी साखर घटते आणि लहान आतड्यात अन्न लवकर पोहोचल्यामुळे इन्सुलिनला चालना देणारे जीएलपी-१ हे संप्रेरक जेवणानंतर जास्त प्रमाणात स्रवते. हा बदल सुखाचा असला तरी त्यातच धोका आहे, कारण पूर्वीच्या भरल्या जेवणासाठी ठरवलेला औषधाचा डोस आताच्या चार घोटांच्या आहारावर घेतला गेला, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. पोटात जाणारे अन्न ज्या दिवशी बदलते त्याच दिवशी औषधाचाही फेरविचार झाला पाहिजे, आणि ही तयारी शस्त्रक्रियेच्या तारखेच्या बऱ्याच आधीपासून करावी लागते.

शस्त्रक्रियेआधी

शस्त्रक्रिया ठरली की सर्जनबरोबरच आपल्या मधुमेहतज्ज्ञांनाही लगेच कळवावे. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साधारणपणे ७ ते ८ टक्क्यांच्या आत आणण्याचा प्रयत्न केला जातो, कारण साखर फार चढलेली असेल तर जखमेत संसर्ग होण्याचा आणि ती भरून यायला वेळ लागण्याचा धोका वाढतो. ज्यांचा मधुमेह फार जुना आहे किंवा ज्यांना त्याचे उपद्रव झाले आहेत, त्यांच्यासाठी डॉक्टर थोडी सैल मर्यादाही स्वीकारतात. अशा वेळी केवळ एका आकड्यासाठी शस्त्रक्रिया महिनोन्‌महिने पुढे ढकलणे नेहमीच हिताचे नसते.

याच काळात मूत्रपिंडाचे कार्य, लघवीतील अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. मधुमेह नेमका टाइप २ आहे की स्वादुपिंडातील इन्सुलिनच संपत आले आहे अशी शंका असेल, तर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारा घटक) आणि गॅड प्रतिपिंडांची (टाइप १ मध्ये आढळणाऱ्या प्रतिपिंडांची) तपासणी उपयोगी पडते. टाइप १ मध्ये शस्त्रक्रियेनंतर इन्सुलिनची गरज कमी होते, पण संपत नाही. तिथे मूळ (दिवसभर संथपणे काम करणारे) इन्सुलिन पूर्ण बंद करणे जीवावर बेतू शकते. डोळ्यांची तपासणीही आवर्जून करावी. बराच काळ चढलेली साखर झपाट्याने उतरली की आधीपासून असलेला दृष्टिपटलाचा विकार काही जणांमध्ये तात्पुरता बळावतो, आणि पूर्वीची नोंदच नसेल तर तो बदल ओळखणे अवघड होते.

यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून पुष्कळ सर्जन शस्त्रक्रियेपूर्वी साधारण २ ते ४ आठवडे अत्यल्प उष्मांकांचा, बहुधा द्रवरूप आहार देतात. साखर अचानक उतरण्याचे प्रसंग अनेकदा इथूनच सुरू होतात, मात्र सर्वांचे लक्ष शस्त्रक्रियेच्या दिवसाकडे लागलेले असल्याने हे आठवडे दुर्लक्षित राहतात. आहार सुरू होण्याच्या आदल्या भेटीतच डॉक्टरांकडून लेखी वेळापत्रक मागून घ्यावे: ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या कधी कमी किंवा बंद करायच्या, जेवणाआधीचे इन्सुलिन किती घटवायचे, रात्रीचे इन्सुलिन किती ठेवायचे. या काळात साखर दिवसातून किमान ४ वेळा तपासावी.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. उपास, द्रवरूप आहार आणि शस्त्रक्रियेचा ताण एकत्र आले की त्यांच्यामुळे किटोॲसिडोसिस (रक्तात किटोन नावाची आम्ले साठून ते धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणे) होऊ शकतो, आणि तोही ग्लुकोमीटरवर साखर जवळजवळ सामान्य दिसत असताना. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास, विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे शस्त्रक्रियेनंतरच्या सामान्य त्रासासारखीच भासतात, म्हणून रक्तातील किटोन तपासल्याशिवाय निदान निसटते. ही औषधे शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी आणि अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस आधी थांबवावी, असा प्रस्थापित सल्ला आहे. अत्यल्प आहार सुरू होतानाच ती थांबवायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ती मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीतही मिळतात, त्यामुळे पाकिटावरचे केवळ व्यापारी नाव न पाहता आतील घटकांची नावे वाचावीत.

सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने घेत असाल तर भूलतज्ज्ञांना न चुकता सांगावे, कारण त्यांच्यामुळे जठर रिकामे व्हायला वेळ लागतो आणि भूल देताना जठरातील अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मेटफॉर्मिन बहुधा शस्त्रक्रियेच्या सकाळी घेत नाहीत. आदल्या रात्रीचे दीर्घ परिणामाचे इन्सुलिन पूर्ण न टाळता साधारण २० ते २५ टक्के कमी करण्याची पद्धत आहे, परंतु हा आकडा ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा. रुग्णालयात साखर सहसा १०० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवली जाते आणि ते काम तेथील चमूचे असते.

घरी आल्यानंतर

रुग्णालयातून निघताना जुनी औषधांची यादी घरी नेऊ नये. नवी यादी मागावी आणि घरातील जुन्या गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळ्या बहुतेक वेळा थांबवल्या जातात, इन्सुलिन बरेच घटते किंवा बंद होते, आणि मूत्रपिंड ठीक असल्यास मेटफॉर्मिन पुन्हा सुरू होते. मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात असेल तर ती कुटून घेऊ नये. लगेच विरघळणारा प्रकार किंवा द्रव औषध लिहून मागावे. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचाही याच वेळी फेरविचार व्हावा, कारण पाणी कमी जात असताना त्या चक्कर आणतात आणि मूत्रपिंडावर ताण देतात.

पहिले काही आठवडे उपाशीपोटी, जेवणांपूर्वी आणि झोपताना साखर मोजून लिहून ठेवावी. ७० च्या खाली आकडा आल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज थोड्या पाण्यातून किंवा जेलच्या रूपात घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून डोस कमी करून घ्यावा. साखर वारंवार १८० च्या वर राहत असेल तरीही कळवावे. उलट्या थांबत नसतील तर घरी वाट पाहू नये. अशा अवस्थेत ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने संपते आणि ते न देता ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून कोणत्याही रुग्णालयात गेल्यावर ही शस्त्रक्रिया झाल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

खाताना प्रथिने आधी घ्यावीत. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे लक्ष्य असते. गोड पेये टाळावीत. बायपासनंतर, बहुधा वर्षभर उलटल्यावर, मधुमेहाचे एकही औषध चालू नसताना काही जणांची साखर जेवणानंतर १ ते ३ तासांनी घसरते, घाम येतो, हात कापतात, बोलणे अडखळते. पिष्टमय पदार्थ चटकन आतड्यात उतरल्याने इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त स्रवते, हे त्याचे कारण आहे. लहान जेवणे, कमी पिष्टमय पदार्थ आणि जेवणापासून अर्धा तास दूर ठेवलेले पाणी यांनी बहुतेकांना आराम पडतो; न पडल्यास औषधे आहेत. याच कारणासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची चाचणी बायपास झालेल्यांनी टाळावी.

एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली आणि मधुमेहाची औषधे बंद होऊन किमान ३ महिने झाले असतील, तर २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार मधुमेह ‘रिमिशन’मध्ये गेला असे म्हणतात. ‘बरा झाला’ हा शब्द तिथे जाणीवपूर्वक टाळलेला आहे. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात २ वर्षांनी ७२ टक्के रुग्ण रिमिशनमध्ये होते, १० वर्षांनी ३६ टक्के. मधुमेह अल्पकाळाचा असलेल्या आणि इन्सुलिन न लागलेल्या व्यक्तींना हा लाभ अधिक मिळतो. शिवाय लोहाच्या कमतरतेने एचबीएवनसी खोटा वाढलेला दिसू शकतो, तेव्हा तो हिमोग्लोबिनच्या अहवालासोबतच वाचावा.

म्हणून साखर सामान्य असली तरी दरवर्षी डोळे, मूत्रपिंड आणि पाय तपासून घ्यावेत. पायांतील मुंग्यांचे खापर लगेच जुन्या मधुमेहावर फोडू नये. शस्त्रक्रिया आणि मेटफॉर्मिन दोन्हींमुळे ब-१२ चे शोषण कमी होते, आणि ती कमतरता भरून काढता येते. काही वर्षांनी साखर पुन्हा चढू लागली तर संकोचाने तपासण्या लांबवू नयेत, कारण त्या टप्प्यावर अनेकांना कमी औषधांतही चांगले नियंत्रण मिळते.