बीव्हीआयच्या इनसॉल्व्हन्सी कामात नवीन आलात? या चुका टाळा

ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सच्या (बीव्हीआय) इनसॉल्व्हन्सीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या मॅटर्सवर नवीन असोसिएट (ज्युनियर वकील) आले की चुका ठरलेल्या. तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक कलम १६८ ची. इनसॉल्व्हन्सी ॲक्ट २००३ प्रमाणे लिक्विडेटर (कंपनी गुंडाळून देणी भागवणारा) नेमण्याचा अर्ज फाइल केल्यापासून ६ महिन्यांत निकाली निघाला नाही तर तो फेटाळला गेला असंच धरतात. कोर्ट मुदत वाढवून देतं, पण एका वेळी जास्तीत जास्त ३ महिने, तेही खास कारण दाखवून आणि आधीची मुदत संपायच्या आत. एका मॅटरमध्ये आम्ही कंपनीकडून होतो, समोर अर्जदाराकडे एक चांगला हुशार पोरगा, सेटलमेंटची बोलणी चालू होती म्हणून दोघांच्या संमतीने सुनावणीची तारीख पुढे जात राहिली आणि याला वाटलं तारीख मिळाली म्हणजे मुदतही वाढली. अरे बाबा, तारीख वेगळी, मुदत वेगळी! सुनावणीच्या आठवड्यात आमच्या सिनियरनी दोन ओळींचा मेल टाकला, की तुमचा अर्ज आता अस्तित्वात नाही. मग परत फी, परत ॲफिडेव्हिट, परत जाहिरात, आणि क्लायंटला फोन करायला त्यालाच बसवलं.

मी फाइल केल्या दिवशीच शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहितो, चौथ्या महिन्यात मुदतवाढीचा ड्राफ्ट तयार ठेवतो. सॉफ्टवेअरचा रिमाइंडर लोक स्नूझ करतात, बघितलंय.

स्टॅच्युटरी डिमांड, म्हणजे कर्ज फेडा नाहीतर कंपनी दिवाळखोर धरली जाईल अशी नोटीस, हे वसुलीचं हत्यार नाही. कर्जावर खरा वाद असेल तर पाठवूच नका, कॉस्ट्स (समोरच्याचा कोर्टखर्च) अंगावर येतात. आणि क्लायंटवर आली असेल तर ती रद्द करून घ्यायला १४ दिवसच असतात, "पुढच्या आठवड्यात बघू" चालत नाही.

करारात आर्बिट्रेशन क्लॉज (वाद लवादाकडे न्यायचं कलम) दिसला की लंडनहून आलेले लगेच सॅलफर्ड इस्टेट्स काढतात, म्हणजे असा क्लॉज असला की लिक्विडेशनचा अर्ज सहसा थांबवायचा असं सांगणारा इंग्लंडचा निकाल. प्रिव्ही कौन्सिलने (बीव्हीआयचं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) २०२४ मध्ये सियान पार्टिसिपेशनच्या केसमध्ये तो चुकीचा ठरवलाय, तोही बीव्हीआयच्याच अपिलात. निदान वाचा तरी! नुसता क्लॉज असून भागत नाही, कर्जावरचा वाद खरा आणि ठोस लागतो.

आणि फ्रीझिंग ऑर्डर, म्हणजे समोरच्याला मालमत्ता हलवायला मनाई. समोरच्याला न कळवता मागताय तर आपल्या विरुद्ध जाणारे मुद्दे स्वतःहून, ठळकपणे कोर्टाला सांगायचे. एक्झिबिटच्या ढिगात कागद घुसवून "दिलाय की" म्हणणारे शॉर्टकटवाले मला अजिबात झेपत नाहीत, कारण ऑर्डर उडते ती अशाच कागदावरून. मी स्केलेटनमध्ये (लेखी युक्तिवादात) त्यासाठी वेगळं हेडिंग ठेवतो आणि ते सगळ्यात आधी लिहितो, रात्री डोळे मिटायला लागल्यावर नाही.